कच्चा धागा

१९०२ सालचा मार्च महिना. हार्वर्ड विद्यापीठात गिल्बर्ट न्यूटन लुईस नावाचा सव्वीस वर्षांचा शिक्षक नवख्या विद्यार्थ्यांना मूलद्रव्यांची आवर्तसारणी समजावत होता. सारणी फळ्यावर लिहिता येत होती, पाठही करून घेता येत होती. पण सोडियमचा अणू एकाच अणूशी जोडला जातो, कॅल्शियमचा दोघांशी, कार्बनचा चौघांशी आणि निऑन, अरगॉन कोणाच्याच वाटेला जात नाहीत, हे असं का, याचं उत्तर तेव्हा कोणाकडेच नव्हतं. इलेक्ट्रॉन सापडून जेमतेम पाच वर्षं झाली होती. अणूला केंद्रक असतं हे कळायला अजून नऊ वर्षं होती. लुईसनं कागदावर चौकोनी ठोकळे काढले. एक ठोकळा म्हणजे एक अणू आणि त्याच्या आठ कोपऱ्यांवर बसणारे इलेक्ट्रॉन. सोडियमच्या ठोकळ्यावर एकच टिंब, क्लोरीनच्या ठोकळ्यावर सात. एकानं दिलं, दुसऱ्यानं घेतलं की दोघांचा हिशेब पुरा झाला आणि मीठ तयार. कागदावर २८ मार्च अशी तारीख घालून त्यानं तो ठेवून दिला. छापला मात्र नाही.

न छापण्याला कारण होतं. मीठ या हिशेबात बसत होतं, पण हायड्रोजन वायू बसत नव्हता. दोन्ही अणू सारखेच. मग देणार कोण आणि घेणार कोण? मिथेनचं तेच, साखरेचं तेच, आणि आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक रेणूचं तेच. हे कोडं सुटायला चौदा वर्षं गेली. त्यातलं एक वर्ष लुईस फिलिपाइन्समध्ये मनिलाला सरकारी वजनमापं तपासत होता. पुढे तो कॅलिफोर्नियात बर्कलीला आला आणि १९१६ साली त्याचा ‘अणू आणि रेणू’ या विषयावरचा लेख प्रसिद्ध झाला. उत्तर होतं भागीदारी. दोन अणू आपापला एकेक इलेक्ट्रॉन मध्ये ठेवतात आणि ती जोडी दोघांच्याही नावावर धरली जाते. हाच सहसंयुज बंध. लुईसनं तो दोन टिंबांनी दाखवला. शाळेच्या पुस्तकात आपण आजही ती टिंबं काढतो.

वर्गात हे शिकवताना मी सामाईक विहिरीचं उदाहरण देते. बांधावर विहीर, सातबाऱ्यावर दोघांची नावं. दोन्ही शेतकरी सारख्या ताकदीचे असले तर पाणी निम्मं-निम्मं. दोन हायड्रोजनांमध्ये तसंच असतं; कार्बन आणि हायड्रोजनमध्येही जवळपास तसंच. पण एकाकडे दहा अश्वशक्तीची मोटर आणि दुसऱ्याच्या हातात पोहरा असेल, तर कागदोपत्री विहीर दोघांची राहते आणि पाणी एकाच शेतात जातं. ऑक्सिजन आणि नायट्रोजन हे असे मोटरवाले अणू आहेत. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन मधली इलेक्ट्रॉनची जोडी स्वतःकडे ओढून घेतो. त्याच्या अंगावर थोडा ऋण भार येतो आणि हायड्रोजन किंचित उघडा, किंचित धन पडतो. हायड्रोजनकडे मुळात एकच इलेक्ट्रॉन, तोही ओढला गेलेला. मग तो शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनच्या मोकळ्या जोडीकडे झुकतो. स्वतःच्या ऑक्सिजनला तो सोडत नाही, पण दुसऱ्याकडेही कल ठेवतो.

या झुकण्याला बंध म्हणायचं, ही कल्पना लुईसच्याच बर्कलीतली. मॉरिस हगिन्स या विद्यार्थ्यानं ती १९१९ मध्ये अभ्यासक्रमासाठी लिहिलेल्या एका टिपणात मांडली आणि १९२० मध्ये वेंडेल लॅटिमर आणि वर्थ रोडबुश या दोघांनी छापली. हायड्रोजन बंध हे तिचं नाव. तो फार दुबळा असतो. पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन-हायड्रोजनचा सहसंयुज बंध तोडायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या विसाव्या हिश्श्यात हा तुटतो. दोरखंडाशेजारी ठेवलेला कच्चा धागा म्हणा. पण या धाग्याशिवाय नद्या नसत्या. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा जवळपास दुप्पट जड, तरी तो उणे ६० अंशांलाच उकळून वायू होतो. कारण गंधकाची मोटर कमजोर, त्याच्यात असे धागे विणलेच जात नाहीत. पाणी १०० अंशांपर्यंत द्रव राहतं ते या धाग्यांच्या जोरावर.

लुईसचे हे लेख ज्यांनी झपाटल्यासारखे वाचले, त्यांत ओरेगन राज्यातल्या कॉर्व्हालिस गावच्या शेतकी महाविद्यालयातला एक मुलगा होता, लायनस पॉलिंग. वडील औषधांचे दुकानदार. ते लायनस नऊ वर्षांचा असतानाच गेले. पैशांअभावी शिक्षणात खंड पडण्याची वेळ आली तेव्हा महाविद्यालयानं अठरा वर्षांच्या या विद्यार्थ्यालाच शिकवायच्या कामावर ठेवून घेतलं. मोकळ्या वेळात टेबलाशी बसून नियतकालिकं चाळताना त्याला लुईस सापडला. पुढे पॉलिंग कॅलिफोर्नियाच्या कॅल्टेक संस्थेत गेला, युरोपात जाऊन नवं पुंज-भौतिकशास्त्र शिकून आला आणि १९३१ पासून त्यानं टिंबांच्या त्या जोडीला गणिताचा पाया दिला. कोणता अणू इलेक्ट्रॉन किती जोरानं ओढतो याचं मापही त्यानंच बसवलं: फ्लोरीन ४, ऑक्सिजन ३.५, नायट्रोजन ३, कार्बन २.५, हायड्रोजन २.१. वर सांगितलेल्या मोटरींची अश्वशक्तीच समजा. रासायनिक बंधांवरचं त्याचं गाजलेलं पुस्तक १९३९ मध्ये आलं. ते लुईसला अर्पण केलेलं आहे.

इथपर्यंत ही गोष्ट रसायनशास्त्राची आहे. जीवशास्त्राकडे ती वळली रक्तामुळे. १९३६ मध्ये पॉलिंगनं चार्ल्स कॉरिएलबरोबर रक्तातलं हिमोग्लोबिन चुंबकाजवळ नेऊन पाहिलं. ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनला चुंबक ओढतो, ऑक्सिजननं भरलेल्याला ओढत नाही. म्हणजे ऑक्सिजन रक्तात नुसता विरघळत नाही, लोहाच्या अणूशी बंध जोडतो आणि तिथल्या इलेक्ट्रॉनांची मांडणीच बदलून टाकतो. त्याच वर्षी आल्फ्रेड मर्स्कीबरोबर त्यानं आणखी एक साधी दिसणारी गोष्ट मांडली. अंडं उकडलं की पांढरं घट्ट होतं आणि मग कितीही गार केलं तरी पूर्ववत होत नाही. साठ-सत्तर अंशांच्या उष्णतेनं सहसंयुज बंध तुटत नाहीत, मग तुटतं काय? त्यांचं म्हणणं असं, की प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, तिची ठरावीक घडी घातलेली असते आणि ती घडी जागच्या जागी धरून ठेवतात ते असंख्य हायड्रोजन बंध. उष्णतेनं हे धागे तुटतात, घडी विस्कटते, साखळ्या एकमेकींत गुंततात. माळेचे मणी तेच, दोरा तोच. गेली ती घडी, आणि घडीबरोबर प्रथिनाचं कामही गेलं. घडी धरण्यात इतर बळांचाही मोठा वाटा असतो हे पुढे कळलं, त्यातल्या एकाकडे मी शेवटी येणार आहे. पण सजीवांचा कारभार दुबळ्या बंधांवर चालतो, हे इतकं स्वच्छ त्याआधी कोणी सांगितलं नव्हतं.

आता ती घडी नेमकी कशी, हा प्रश्न उरला. इंग्लंडात लीड्सला विल्यम ॲस्टबरी लोकरीवर आणि केसांवर क्ष-किरण सोडून त्यांची चित्रं घेत होते. त्यांना दिसलं की केसाच्या लांबीत दर ५.१ अँगस्ट्रॉमला काहीतरी पुन्हा पुन्हा येतं. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. पॉलिंगनं १९३७ च्या उन्हाळ्यात या आकड्यात बसेल अशी साखळी जुळवायचा प्रयत्न केला आणि हात टेकले. मग त्यानं जे केलं त्यासाठी मला हा माणूस फार आवडतो. त्यानं अंदाज बांधणं थांबवलं. सहकारी रॉबर्ट कोरी यांनी सुट्या अमिनो आम्लांचे स्फटिक एकेक करून मोजायला घेतले; कोणता अणू कोणापासून किती दूर, कोणता कोन किती अंशांचा. संगणक नव्हते, एका स्फटिकामागे महिनेच्या महिने जात. महायुद्ध आलं आणि गेलं. दहा वर्षांत मोजमापांचा खजिना साठला आणि एक गोष्ट पक्की झाली: दोन अमिनो आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध फिरत नाही. पुस्तकात कार्बन आणि नायट्रोजनमध्ये एक रेघ काढतात, पण तिथली लांबी १.३२ अँगस्ट्रॉम भरत होती आणि साधा एकेरी बंध १.४७ चा असतो. म्हणजे तो अर्धवट दुहेरी आहे. दुहेरी बंध पिळता येत नाही. तेव्हा त्याच्या आजूबाजूचे सहा अणू एका पातळीत, फळीवर खिळल्यासारखे सपाट राहतात. साखळी वळणार ती फक्त फळ्यांच्या सांध्यांपाशी.

१९४८ च्या वसंतात पॉलिंग ऑक्सफर्डला पाहुणा प्राध्यापक म्हणून आला होता. तिथल्या हवेनं सर्दी झाली आणि अंथरूण धरावं लागलं. पहिले एक-दोन दिवस त्यानं रहस्यकथा वाचल्या. मग कंटाळून कागद, पट्टी आणि पेन मागवलं. कागदाच्या पट्टीवर त्यानं साखळी काढली: नायट्रोजन, कार्बन, कार्बन, पुन्हा नायट्रोजन, मापं तोंडपाठ होती. मग सांध्याच्या प्रत्येक कार्बनपाशी घडी पाडत पट्टी गुंडाळायला लागला.

हा लेख लिहिताना मीही ते करून पाहिलं. वहीच्या आडव्या पानातून चार बोटं रुंद पट्टी कापली, त्यावर अणू मांडले आणि सांध्यांवर तिरक्या घड्या घातल्या. पहिल्या दोन वेळा पट्टी नुसती वेडीवाकडी झाली. तिसऱ्यांदा एक गंमत हाती लागली. पट्टी जिन्यासारखी वर चढायला लागली आणि एका फळीवरच्या नायट्रोजनचा हायड्रोजन, चार पायऱ्या पलीकडच्या फळीवरच्या ऑक्सिजनच्या बरोबर समोर आला. पुढच्याचंही तसंच, त्याच्या पुढच्याचंही तसंच. हातातल्या कागदाला एकाएकी ताठपणा यावा तसं वाटतं. प्रत्येक वळशात धागे, एकही हायड्रोजन रिकामा नाही. बारावीच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं हे एकदा हातानं करावं, दहा मिनिटांचं काम आहे.

पॉलिंगच्या जिन्यात एका वळशाला सुमारे ३.६ पायऱ्या येत होत्या. पूर्णांक नव्हेच. पायरी दीड अँगस्ट्रॉमची, म्हणजे वळसा ५.४ चा. आणि ॲस्टबरींच्या चित्रात होतं ५.१. फरक केवढा? मिलिमीटरच्या कोटीव्या भागाचा तीन दशांश. पण पॉलिंगनं त्या फरकापायी कागद खिशात घातला आणि जवळजवळ तीन वर्षं तो छापायला दिला नाही.

या तीन वर्षांत केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत त्याच प्रश्नावर काम चाललं होतं, आणि तिथली माणसं सामान्य नव्हती. लॉरेन्स ब्रॅग हे क्ष-किरणांनी स्फटिक वाचायच्या विद्येचे जनक, पंचविसाव्या वर्षी नोबेल मिळालेले. त्यांच्याबरोबर मॅक्स पेरुट्झ आणि जॉन केंड्र्यू, पुढे दोघेही नोबेलचे मानकरी. १९५० मध्ये तिघांनी मिळून प्रथिनांच्या साखळीच्या शक्य त्या सगळ्या घड्या मांडणारा मोठा लेख लिहिला. त्यात खरी घडी नव्हती. ५.१ हा आकडा त्यांनी प्रमाण मानला, एका वळशात पूर्णांकच बसला पाहिजे असं धरून चालले, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पेप्टाइड बंध हवा तसा पिळू दिला. याच केंब्रिजमध्ये अलेक्झांडर टॉड यांची सेंद्रिय रसायनाची प्रयोगशाळा होती. तिथे कोणालाही विचारलं असतं तर तो बंध सपाट असतो हे उत्तर मिळालं असतं. टॉडनी ते ब्रॅगना सांगितलं, पण नंतर.

२८ फेब्रुवारी १९५१ रोजी, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, पॉलिंगनं लेख धाडला. सोबत कोरी यांचं आणि गणिती पडताळणी करणारे हर्मन ब्रॅन्सन या कृष्णवर्णीय अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाचं नाव होतं. पेरुट्झनी तो छापील लेख एका शनिवारी सकाळी वाचला आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. फळ्या सपाट, धागे सरळ, सगळं इतकं नेमकं, की खोटं असणं शक्यच नव्हतं. दुपारी जेवायला घरी आले तर पोरांच्या बोलण्याकडेही लक्ष नव्हतं. मग एकदम सुचलं: पायरी जर दीड अँगस्ट्रॉमची असेल तर तिची खूण क्ष-किरण चित्रात दिसलीच पाहिजे. ॲस्टबरींना ती दिसली नव्हती, कारण त्यांनी केस किरणांच्या काटकोनात धरला होता आणि फिल्मही पुरेशी मोठी नव्हती. पेरुट्झ उठून प्रयोगशाळेत गेले, खणातून घोड्याचा एक केस काढला, हिशेबानं तिरका लावला आणि भोवती गोल फिल्म गुंडाळली. दोनेक तासांनी फिल्म धुतली तेव्हा खूण ठळक उमटली होती. दीड अँगस्ट्रॉम. सोमवारी सकाळी ते ब्रॅगच्या खोलीत शिरले. हे तपासायचं कसं सुचलं, असं ब्रॅगनी विचारलं. इतकी सोपी गोष्ट आपल्या हातून निसटली याच्या संतापातून, असं पेरुट्झनी सांगून टाकलं.

आणि ५.१ चं काय? केसात या मळसूत्री साखळ्या एकमेकींभोवती वेणीसारख्या पिळलेल्या असतात, त्यामुळे वळशाची उंची थोडी कमी भरते. ॲस्टबरींचं माप बरोबर होतं, पॉलिंगचंही बरोबर होतं.

सपाट फळ्या आणि दोन सांधे हा विचार भारतात सर्वांत दूरवर नेला तो मद्रास विद्यापीठाच्या जी. एन. रामचंद्रन यांनी. दोन फळ्यांमधले कोन कोणते चालतील आणि कोणत्या कोनांना अणू अणूवर आदळतील, याचा नकाशा त्यांनी सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासह १९६३ मध्ये छापला. जगात आज कुठेही नव्या प्रथिनाची रचना काढली की ती आधी रामचंद्रन नकाशावर घालून पाहतात.

पॉलिंगला या गोष्टीचा नायक करून सोडावं असं पुष्कळांना वाटतं. मला तसं करता येत नाही, कारण दोनच वर्षांत तोच प्रसंग उलटा घडला. डीएनएची रचना शोधायच्या घाईत पॉलिंग आणि कोरींनी १९५३ च्या सुरुवातीला तीन पदरांचं मळसूत्र जाहीर केलं. फॉस्फेटचे गट त्यांनी मधोमध कोंबले आणि ते एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात असं दाखवलं. त्यासाठी फॉस्फेटवर हायड्रोजन शिल्लक असायला हवेत. पण डीएनए हे आम्ल आहे, नावातच आम्ल आहे. पेशीतल्या पाण्यात ते आपले हायड्रोजन सोडून देतं आणि फॉस्फेट ऋण भाराचे होतात. ऋण भार एकमेकांना ढकलतात. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला जे रसायनशास्त्र पॉलिंगच्या स्वतःच्या पाठ्यपुस्तकातून शिकवलं जाई, त्यातली ही गोष्ट. केंब्रिजमध्ये शिकत असलेल्या त्याच्या मुलाकडून, पीटरकडून, हस्तलिखित जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांच्या हाती आलं तेव्हा त्यांना ही चूक वाचता वाचताच दिसली. केसासाठी दहा वर्षं मोजमाप करणारा माणूस इथे काही महिनेही थांबला नाही.

वॉटसनचंही घोडं एका हायड्रोजनपाशीच अडलं होतं. ग्वानिन आणि थायमिन या डीएनएतल्या बेसांची जी चित्रं त्या वेळच्या पुस्तकांत होती, त्यांत एक हायड्रोजन ऑक्सिजनवर बसवलेला असे. वॉटसन-क्रिकच्या खोलीत जेरी डॉनह्यू नावाचा अमेरिकी स्फटिकतज्ज्ञ बसे, कॅल्टेकमध्येच घडलेला. त्यानं स्पष्ट सांगितलं की पुस्तकं चुकली आहेत, तो हायड्रोजन नायट्रोजनवर असतो. वॉटसननं पुठ्ठ्याचे बेस नव्यानं कापले आणि शनिवारी सकाळी टेबलावर सरकवत बसला. ॲडेनिनसमोर थायमिन, ग्वानिनसमोर सायटोसिन. दोन्ही जोड्यांचा आकार हुबेहूब सारखा आणि धागे बरोबर समोरासमोर. तारीख होती २८ फेब्रुवारी १९५३. त्या दिवशी पॉलिंग बावन्न वर्षांचा झाला. दोन पदर आणि बाहेरच्या बाजूला फॉस्फेट, या गोष्टी ज्या मोजमापांवर पक्क्या झाल्या ती लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या रोझलिंड फ्रँकलिनची होती आणि तिला न विचारता वापरली गेली होती. हे दर वेळी सांगितलं पाहिजे. ग्वानिन-सायटोसिनमध्ये दोन नव्हे तर तीन धागे असतात, ही दुरुस्ती मात्र १९५६ मध्ये पॉलिंग आणि कोरी यांनीच केली.

डीएनएचा एकेक पदर सहसंयुज बंधांनी घट्ट गुंफलेला असतो, आणि दोन पदर एकमेकांना धरतात ते या कच्च्या धाग्यांनी. म्हणूनच पेशी विभागताना ते शरीराच्या उष्णतेत, एक पदरही न तुटता उसवता येतात. दोन पदरांमध्येही सहसंयुज बंध असते तर प्रत माणसाची काय, जिवाणूचीही निघाली नसती.

एक धागा मी मागे सोडला आहे, तो आपल्याला महाराष्ट्रात आणतो. १९४५ मध्ये एका वैद्यकीय समितीच्या कामात हार्वर्डचे डॉक्टर विल्यम कॅसल यांनी पॉलिंगला सिकलसेल नावाच्या एका रोगाबद्दल सांगितलं. या रोग्यांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. शिरांमधल्या ऑक्सिजन गमावलेल्या रक्तात होतात आणि ऑक्सिजन मिळाला की सरळ होतात. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये हा रोग प्रथम नोंदवला होता आणि तेव्हापासून तो पेशीचा दोष मानला जाई. पॉलिंगच्या डोक्यात तत्काळ प्रकाश पडला: ऑक्सिजनशी संबंध आहे, तर दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असणार.

हे सिद्ध करायचं काम हार्वे इटानो या तरुण डॉक्टरकडे आलं. इटानो जन्मानं अमेरिकी, वंशानं जपानी. १९४२ मध्ये तो बर्कलीतून सर्वोच्च पदक घेऊन पदवीधर झाला, पण समारंभाला हजर राहू शकला नाही, कारण महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना सरकारनं छावण्यांत डांबलं होतं आणि तोही कुटुंबासह त्यांत होता. कॅल्टेकमध्ये त्यानं जोनाथन सिंगर आणि इबर्ट वेल्स यांच्यासह दोन्ही हिमोग्लोबिनं विजेच्या क्षेत्रात ठेवून पाहिली. सामू ६.९ असलेल्या द्रावणात निरोगी हिमोग्लोबिन धन टोकाकडे सरकलं आणि रोग्याचं ऋण टोकाकडे. रोगाचे फक्त वाहक असलेल्यांच्या रक्तात दोन्ही प्रकार सापडले. नोव्हेंबर १९४९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच सिकलसेलला रेणूचा आजार म्हटलं होतं. एखाद्या आजाराची अशी ओळख वैद्यकात पहिल्यांदाच होत होती.

नेमका दोष १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रॅमनं शोधला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायचं तिथे व्हॅलिन आहे. बस्स, एवढंच. ग्लुटामिक आम्लाच्या टोकाला ऋण भार असतो, पाणी त्याला आनंदानं वेढून घेतं. व्हॅलिनच्या टोकाला नुसते कार्बन आणि हायड्रोजन, समान वाटणीची विहीर, कुठलाच भार नाही. पाण्याचे रेणू एकमेकांत धागे विणण्यात गुंतलेले. या टोकाशी विणायला काहीच नाही, म्हणून ते त्याला बाजूला लोटतात, तेलाच्या थेंबाला लोटतात तसं. हेच ते दुसरं बळ, ज्याचा उल्लेख मी आधी केला होता. ऑक्सिजन सुटला की शेजारच्या हिमोग्लोबिनवर एक खाच उघडते, तीही अशीच पाणी टाळणारी. व्हॅलिन त्या खाचेत जाऊन बसतं, त्याच्यावर तिसरा रेणू, चौथा, आणि पेशीत ताठ काड्या तयार होतात. पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि हाडं फोडून काढणाऱ्या वेदना सुरू होतात.

भारतात हा दोष १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये प्रथम आढळला. १९५८ मध्ये शुक्ल आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या नोंदी ‘लॅन्सेट’मध्ये छापल्या. आज नंदुरबार, धुळे, मेळघाट, नागपूर, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात तो ठाण मांडून आहे. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, परधान अशा अनेक समाजांत, आणि बिगरआदिवासींतही. एक दोषी जनुक असलेला वाहक निरोगी आयुष्य जगतो, मलेरियापासून त्याला थोडं संरक्षणही मिळतं. पण दोघं वाहक लग्न करतात तेव्हा त्यांच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

गावातल्या आरोग्य केंद्रात तपासणी होते तेव्हा बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब एका नळीतल्या द्रावणात टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघा छापलेला कागद धरतात. द्रावण हिमोग्लोबिनातला ऑक्सिजन काढून घेतं. निरोगी हिमोग्लोबिन विरघळून राहतं, रेघा दिसतात. दोषी हिमोग्लोबिनच्या त्या काड्या जमतात, नळी गढूळ होते, रेघा दिसेनाशा होतात. मग नमुना पुढे जातो, आणि अनेक ठिकाणी तो इटानोच्याच मार्गानं तपासला जातो: विजेच्या क्षेत्रात, पट्टीवर. निरोगी हिमोग्लोबिनचा पट्टा पुढे, दोषी मागे. वाहकाचे दोन्ही दिसतात. तुम्ही या भागातले असाल आणि घरात लग्नाचं बोलणं चाललं असेल, तर दोन्हीकडच्यांनी पत्रिकेच्या आधी ही तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.